शेवटच्या कडव्यातलं नाव

काशीराम कळंबटे गीतकार आहेत हे रत्नागिरीत दोनच प्रकारच्या लोकांना ठाऊक होतं. एक त्यांची बायको आणि दुसरी त्यांची गिऱ्हाइकं. बायकोला त्याचं कौतुक नव्हतं आणि गिऱ्हाइकं ते मरेपर्यंत कबूल करणार नव्हती.

एसटीच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला हा माणूस गेली चाळीस वर्षं जाखडीच्या मंडळांना गाणी लिहून देत होता. जाखडी म्हणजे पायात चाळ बांधून गोलात नाचायचं आणि मधे शाहिरानं गायचं. दोन मंडळं समोरासमोर उभी राहिली की त्याचा सामना होतो. एका बाजूला शक्तीवाले, त्यांचं म्हणणं देवी मोठी. दुसऱ्या बाजूला तुरेवाले, त्यांचं म्हणणं महादेव मोठा. पिढ्यान् पिढ्या हा वाद चालू आहे आणि तो चुकून मिटू नये म्हणून दोन्ही बाजू जिवापाड काळजी घेत असतात.

काशीराम शक्तीवाले. पण शाहीर नव्हेत. चार माणसांपुढे उभं राहिलं की त्यांच्या घशाला कोरड पडायची, म्हणून त्यांनी शब्द आपले ठेवले आणि गळे दुसऱ्यांचे घेतले. जाखडीची रीत अशी, की शेवटच्या कडव्यात शाहिरानं आपलं आणि आपल्या गुरूचं नाव घालायचं. काशीरामांच्या गाण्यांत ती नावं अर्थातच गिऱ्हाइकाची असत. गाणं तयार झालं की शाहीर संध्याकाळी मागच्या बाजूनं येई, कागद खिशात घाली, आंब्याची पेटी ठेवी आणि पुढच्या आठवड्यात पोस्टरवर स्वतःच्या फोटोखाली ‘गीतरचना’ म्हणून स्वतःचंच नाव छापून घेई. काशीरामांची त्याला कधी हरकत नव्हती. निदान तसं ते म्हणत.

सगळं असंच सुरळीत चाललं असतं, पण त्यांच्या वरच्या मजल्यावर दीपकराव राहतात.

दीपकराव निवृत्त मुख्याध्यापक. सोसायटीतल्या कोणाचाही अर्ज भरायला मिळाला की त्यांचा दिवस सत्कारणी लागतो. जेव्हा ‘सागरतीर सांस्कृतिक प्रतिष्ठान’ नावाच्या संस्थेनं व्यावसायिक गीतकारांनी नवोदित गीतकारांना मार्गदर्शन करावं असा एक उपक्रम काढला, तेव्हा दीपकरावांनी काशीरामांना न विचारता त्यांचं नाव मार्गदर्शक म्हणून भरून टाकलं. “अहो, कमळावहिनी म्हणाल्या होत्या एकदा, तुम्ही काहीतरी लिहीत असता,” एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

“मी म्हटलं होतं, हे काहीतरी लिहीत बसतात आणि नारळ सोलायला उठत नाहीत,” कमळाबाई म्हणाल्या. “तेवढंच घेतलंत होय तुम्ही?”

काशीरामांनी नाव मागे घ्यायचं ठरवलं. मागे घ्यायला म्हणून ते प्रतिष्ठानच्या कचेरीत गेले आणि तिथे त्यांना चहा मिळाला. समोर मुंबईहून आलेले, मालिकांची शीर्षकगीतं लिहिणारे एक गीतकार बसले होते आणि पुण्याच्या एक भावगीतवाल्या बाई होत्या. बाईंनी विचारलं, “आपण कुठल्या प्रकारात लिहिता?” आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना हा प्रश्न चारचौघांत, मोठ्यानं विचारत होतं. काशीरामांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “लोकगीत.” त्यानंतर नाव मागे घेण्याचा विषय राहूनच गेला.

शिष्य चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. काशीरामांच्या वाट्याला आली पूर्णगडची ऋतिका. आई मासे विकते, ही एसटी स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात काउंटरवर असते, आणि मुलींच्या जाखडी मंडळाची शाहीर आहे. काशीरामांना आनंद झाला. जाखडीला जाखडीच मिळाली. मग मुलीनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “काका, आमी तुरेवाले.”

काशीरामांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

पुण्याच्या बाईंना यातलं काही कळेना. त्यांच्या दृष्टीनं जाखडी म्हणजे जाखडी. आता त्यांना कसं सांगायचं, की शक्तीवाल्यानं तुरेवालीला शिकवायचं म्हणजे एका पक्षाच्या पुढाऱ्यानं दुसऱ्याच्या उमेदवाराचं भाषण लिहून देण्यासारखं आहे! पण समोर ती पोर उभी होती. तिच्या हातात तिनं लिहिलेला गण होता. काशीरामांनी नुसता बघायचा म्हणून तो हातात घेतला, आणि दुसऱ्या ओळीपाशी त्यांच्या तोंडून निघून गेलं, “इथं श्वास कुठे घेणार गो बाय?”

तिथेच ते फसले.

ऋतिका दर रविवारी येऊ लागली. काशीरामांनी पहिल्याच दिवशी अट घातली, की ते तिला एकही ओळ लिहून देणार नाहीत, फक्त प्रश्न विचारतील. देवी मोठी की महादेव हा विषय काढायचा नाही. आणि शेवटच्या ओळीच्या आधी दम घ्यायला जागा ठेवायची. “नाचणाऱ्यांच्या छातीचा भाता झालेला असतो,” ते म्हणाले. “आपण त्यांच्यासाठी लिहितो. श्वासाला जागा नसेल तर शब्द कितीही सोन्याचे असोत, ऐकणाऱ्याला धाप तेवढी ऐकू येते.”

ऋतिका ते लिहून घेत नसे. ऐके, ‘हे असंच का?’ विचारी, मान हलवी, आणि पुढच्या रविवारी ते करून आणी. काशीरामांना ही गोष्ट फार भावली. चाळीस वर्षांत त्यांना गिऱ्हाइकं पुष्कळ मिळाली होती, पण ‘हे असंच का?’ असं कोणी विचारलं नव्हतं. आता ते शुक्रवारपासूनच रविवारची वाट पाहू लागले, आणि तसं नाही असं दाखवण्यासाठी शनिवारी उगाचच चिडचिड करू लागले.

पहिला खोडा महिनाभरानं आला. प्रतिष्ठानच्या सलोनी मॅडमचा फोन. मॅडम वयानं लहान, आवाजानं गोड आणि नियमाला पक्क्या.

“सर, मार्गदर्शक व्यावसायिक गीतकार असल्याचा पुरावा राहिलाय तुमचा. ज्यात तुमचं नाव आहे असं एक तरी गाणं द्या. समारोपापर्यंत चालेल.”

“आणि नाही दिलं तर?”

“तर तुमची जोडी रद्द होईल, सर. म्हणजे ऋतिकाच्या गाण्याचं मुंबईत रेकॉर्डिंग होणार आहे ना, ते नाही होणार.”

काशीरामांनी फोन ठेवला आणि पंख्याकडे बघत बसले. गाणी शेकड्यांनी होती. गणपतीत गुहागरपासून राजापूरपर्यंत रोज रात्री कुठे ना कुठे त्यांचं गाणं वाजत होतं. पण त्यांचं नाव त्यांतल्या एकाही गाण्यात नव्हतं. ही गोष्ट त्यांना चाळीस वर्षं माहीत होती, फक्त ती अशी फोनवरून कोणी विचारली नव्हती.

दीपकराव मदतीला धावले. “प्रतिज्ञापत्र करा! मी अमुक अमुक, सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की मी गीतकार आहे.” केलं. स्टॅम्प, शिक्का, सही. सलोनी मॅडमनी ते वाचलं आणि हळूच परत सरकवलं. “सर, यात तुम्ही म्हणताय की तुम्ही गीतकार आहात. आम्हाला गाण्यानं तसं म्हणायला हवं.”

काशीराम पायऱ्या उतरताना स्वतःशी म्हणाले, की बाई बोलतात ते अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच त्यांचा फार राग येतो.

मग उरले शाहीर. ज्यांना गाणी दिली त्यांच्यापैकी एकानं जरी दोन ओळी लिहून दिल्या असत्या तरी काम झालं असतं. पावसच्या रामा शाहिरांकडे ते गेले. शाहिरांनी खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं, आणि म्हणाले, “देतो की लिवून. गाणी मी लिवली आनि तुमी शुद्धलेखन बगितलात, आसा लिवू?” दुसऱ्या एका शाहिरानं तर बायकोला आयुष्यभर सांगितलं होतं, की देवी स्वप्नात येऊन त्याला गाणी सांगते. तो काशीरामांना दारातच भेटला आणि कुजबुजला, “काका, ती आत हाय. तुमी देवी हाव, हे तिला आता या वयात कसा सांगू?”

शेवटी सूरज. शक्तीवाल्यांचा सध्याचा सगळ्यात गाजलेला शाहीर, व्यायामशाळेत जाणारा, गोड गळ्याचा, आणि स्वभावानंही तसा चांगला. काशीरामांच्या गाण्यांवर तो मोठा झाला होता. त्यानं ऐकून घेतलं, चेहरा पाडला.

“काका, तुमच्यासाठी जीव देईन. पन ह्ये नको. खेडला लग्न ठरतंय माजा. शमिकाला मी चारोळ्या पाठवतो रोज, त्यावरच ती भाळली हाय.”

“त्या चारोळ्याही मीच दिल्यात तुला.”

“म्हनून तर सांगतोय,” सूरज म्हणाला. एवढ्यावर थांबता तर तो सूरज कसला. “आनि काका, प्रतिष्ठानवाल्यांनी समारोपाला सामना ठेवलाय. त्या पूर्णगडच्या पोरीसमोर आमचा मंडळ हाय. एक टोमना द्या ना झनझनीत.”

टोमणा म्हणजे समोरच्या शाहिराची गाण्यातून काढलेली खोडी. सामन्याचा जीव त्यातच असतो. आणि गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. चाळीस वर्षांत काशीरामांनी मागणीला नाही म्हटलं नव्हतं.

आता त्यांच्या घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणावं हे कमळाबाईंना सुद्धा समजेना. शनिवारी हा माणूस ऋतिकावर टोमणा लिही. रविवारी ऋतिका आली की तिला टोमण्याला उत्तर कसं द्यावं ते शिकवी. तिनं चांगलं उत्तर आणलं की सोमवारी त्यांना आपला टोमणा मिळमिळीत वाटे आणि ते तो आणखी धारदार करीत. तो धारदार झाला की पुढच्या रविवारपर्यंत पोरीच्या काळजीनं त्यांना जेवण जाईना. ऋतिकाला काय येणार आहे ते सांगता येत नव्हतं आणि सूरजला काय मिळणार आहे तेही. स्वतःशीच बुद्धिबळ खेळणाऱ्या माणसाला निदान कोणी हरलं तरी चालतं. इथे तशी सोय नव्हती.

“सध्या कोण जिंकतंय?” कमळाबाई आमटी वाढता वाढता विचारीत.

एके दिवशी त्यांनी टोमण्याचा कागद उचलून वाचला. त्यात ऋतिकाच्या आईच्या टोपलीवर दोन ओळी होत्या. कमळाबाईंनी कागद टेबलावर ठेवला. “कालच त्या बाईनं लेकीबरोबर सरंगे पाठवलेन तुमच्यासाठी. तिच्या टोपलीवर बोललात तर ह्या घरात मासळी शिजणार नाही. सांगून ठेवते.”

त्या ओळी गेल्या. त्यांच्या जागी साध्या ओळी आल्या:

*पूर्णगडची पोर आली, मोठा तिचा थाट,*
*जाळं टाकलंन सभेमधी, रिकामं, धर वाट!*

सूरजला त्या फिक्या वाटल्या. काशीराम म्हणाले, “मासळीचे भाव तू नको सांगू मला.”

समारोपाच्या आधीच्या रविवारी ऋतिकानं अचानक विचारलं, “काका, सूरजची गानी कोन लिवतो?”

काशीरामांनी चष्मा पुसला. “त्याचा तोच.”

“बरा,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “आनि काका, शेवटच्या कडव्यात गुरूचा नाव घालायचा आसता. आमच्या बाजूचा गुरू म्हातारा होऊन वारला. तुमचा घालू?”

असं त्यांना यापूर्वी कोणी विचारलं नव्हतं. आणि नाही म्हणणं भाग होतं. “नाही गो. तुरेवालीनं शक्तीवाल्या गुरूचं नाव घेतलं तर तुझं मंडळ तुला बाहेर काढील. तुझी सुरुवात आहे. माझं काय, मी आहे तसा बरा आहे.”

जाताना तिनं नेहमीसारखा नमस्कार केला, फक्त नेहमीपेक्षा जरा उशिरा उठली.

पुरावा काही मिळाला नाही. समारोपाच्या दिवशी दुपारी सभागृह भरलं तेव्हा सलोनी मॅडम दारातच भेटल्या. “सर, आज संध्याकाळपर्यंत हं. मला पण वाईट वाटतंय.” वाटतही होतं त्यांना. काशीराम दुसऱ्या रांगेत कमळाबाई आणि दीपकराव यांच्या मधे जाऊन बसले. तिसऱ्या रांगेत शमिका खेडहून आई-वडिलांसकट आली होती. काशीरामांना एकच दिसत होतं, की आज पोरगी कितीही चांगली गायली तरी संध्याकाळी तिचं नाव कापलं जाणार, आणि ते कापलं जाणार त्यांच्या नावाअभावी.

सामना रंगला. गण झाले, गवळणी झाल्या. सूरजनं टोमणा टाकला, जाळं रिकामं आलं, शक्तीवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. काशीरामांनी मान खाली घातली. मग ऋतिकाच्या मुलींनी चाळ वाजवत गोल धरला, आणि ती माइकपुढे आली.

*जाळं माझं, होडी माझी, गाणं माझ्या हातचं रे,*
*तुझ्या ताटात वाढलंन कोणी, नाव सांग त्याचं रे!*

सूरजचा हसरा चेहरा तसाच राहिला, हसू तेवढं गेलं. काशीराम ताठ बसले. ही ओळ त्यांना दाखवलेली नव्हती. ऋतिका त्यांच्याकडे बघत नव्हती.

*वीस मंडळं, वीस शाहीर, श्वास एका माणसाचा...*

आणि ती थांबली. शेवटच्या ओळीच्या आधी थांबायची जागा होती. नाचणाऱ्या मुलींनी दम घेतला. सगळ्या सभागृहानं घेतला.

*काशीराम कळंबटे, बाप तुझ्या गाण्याचा!*

जाखडीत शेवटची ओळ कोरस परत परत म्हणतो. त्या पंधरा-सोळा मुली गोल फिरत ते नाव म्हणू लागल्या. काशीराम कळंबटे. काशीराम कळंबटे. तुरेवालीला शक्तीवाल्या गुरूचं नाव घेता येत नाही हे खरं. पण टोमणा मारताना समोरच्या बाजूचं नाव घ्यायला कोणाची बंदी असणार? तिच्या मंडळाला तो विजयी टोमणा वाटत होता. काशीरामांना मात्र कळलं होतं की हा नमस्कार आहे. मंडळांची गाणी मोबाईलवर लावून लावून, प्रत्येकात तीच श्वासाची जागा ऐकून, पोरीनं त्यांना शोधून काढलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचेना. भिंतीपाशी सलोनी मॅडम मोबाईल वर धरून हवा होता तो पुरावा टिपत होत्या आणि स्वतःही रडत होत्या. नियमाला पक्क्या होत्या, तरी.

आता जबाब सूरजनं द्यायचा होता. त्यानं खिशातला कागद काढला, उलटा करून पाहिला, परत ठेवला. ह्याचं उत्तर त्यात कुठून असणार? लोक ओरडू लागले. तो रंगमंचाच्या कडेला आला, दुसऱ्या रांगेकडे बघून त्यानं हात जोडले, आणि माइक तसाच चालू होता.

“काका, ह्याचा जबाब तुमीच द्या. मला येत नाय. कदीच येत नव्हता.”

तिसऱ्या रांगेतून शमिकाचा आवाज आला, “आनि त्या चारोळ्या?”

“त्या पन त्येंच्याच,” सूरज म्हणाला. त्याची मान इतकी खाली गेली की व्यायामशाळेचा सगळा पैसा फुकट गेल्यासारखा दिसला.

शमिका उभी राहिली. मग म्हणाली, “मग उबे काय ऱ्हायलात? हात धरून वर तरी आना त्येंना!”

हशा पिकला, टाळ्या पडल्या, आणि सूरज खाली उतरून काशीरामांना हाताला धरून घेऊन गेला. समोर माइक, मागे शक्तीवाले, पलीकडे तुरेवाले. ढोलकीवाल्यानं ठेका दिला. घशाला कोरड पडली होती, पण शब्द आले. एक ओळ आली, दुसरी आली, तिसऱ्या ओळीत पूर्णगडच्या पोरीची अशी खोडी काढली की प्रेक्षकांत बसलेली तिची आईच सगळ्यांत आधी हसली. मग शेवटचं कडवं. काशीराम थांबले आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं सूरजला विचारलं, “नाव कोणाचं घालू?”

“तुमचाच घाला की, काका.”

मराठीत यमकाला याहून सोपं नाव नाही. शाळेतलं पोरही जुळवील. पण चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या नावांना यमकं शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाला यमक सुचेना. ते उभेच राहिले. ढोलकी नुसती घुमत राहिली. सगळे वाट बघत होते आणि कोणालाच घाई नव्हती.

समोरच्या गोलातून चाळ वाजले. ऋतिका मधली जागा ओलांडून आली. सामन्यात एका बाजूच्या शाहिरानं दुसऱ्या बाजूला जाणं हे तिथल्या म्हाताऱ्यांनी देखील कधी पाहिलं नव्हतं. ती त्यांच्या कानाशी वाकली.

“‘काम’ घ्या, काका. बसता.”

काशीरामांनी ‘काम’ घेतलं. ओळ म्हटली. आवाज चिरकला, सूर गेला, आणि स्वतःच्या नावापाशी येऊन तो पार फुटला. उरलेलं नाव कोरसनं उचललं, आधी शक्तीवाल्यांनी आणि मग कोणी न सांगता तुरेवाल्या मुलींनीही.

दुसऱ्या रांगेत दीपकराव उभे राहून टाळ्या वाजवत होते. कमळाबाई बसूनच होत्या, डोळ्यांना पदर लावून.

“गळा नाहीच हो ह्यांना,” त्या म्हणाल्या. “पण गाऊ देत.”